मागच्या सीटवरची आगोट

मे महिना अर्धा सरला, की आमच्या इमारतीखालची ती गाडी वास मारायला लागते. बाकीच्या महिन्यांत मारत नाही असं नाही, पण तेव्हा तो वास जरा दबून असतो. मेच्या उन्हात तो जागा होतो. मी शिकवते त्या शाळेला सुट्टी असते म्हणून दूध आणायला उशिरा उतरते आणि जिन्याच्या शेवटच्या वळणावरच तो नाकात शिरतो. खारवलेलं काहीतरी, आंबलेलं काहीतरी, त्यावर महागड्या चामड्याचा वास, आणि त्या सगळ्यावर माझ्या नवऱ्याने, सुहासने, ठेवलेल्या मोगऱ्याच्या सुगंधी डबीचा. शी. उपाशीपोटी ओकारी यावी असं ते मिश्रण. वास जावा म्हणून सुहास काचा दोन बोटं खाली ठेवतो, आणि वास जातो तो थेट जिन्यात. वॉचमन आपली खुर्ची रोज थोडी लांब सरकवतो आणि मला बघितलं की उगाच हसतो.

गाडी साधीसुधी नाही बरं का. परदेशी बनावटीची, लांबलचक, मोतिया रंगाची, बॅटरी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी. आत शिरलं की आपण कुठल्या तरी मोठ्या डॉक्टरच्या केबिनमध्ये आलो असं वाटतं. नवी होती तेव्हा भाईंदरच्या आमच्या नवघरसारख्या वस्तीत असली गाडी दिसली तर लोक वाट करून देत असतील. आता ती जुनी झाली आहे. जुनी झालेली श्रीमंती जेवढी ओंगळ दिसते तेवढी गरिबी कधी दिसत नाही. आमच्या आजूबाजूच्या रिक्षा जुन्या आहेत, स्कूटरी जुन्या आहेत, त्यांची मला कधी किळस आली नाही. पण हिच्या दाराच्या कडेला उचकटलेली ती चकचकीत पट्टी बघितली की अंगावर काटा येतो.

आमच्याकडे, म्हणजे माझ्या माहेरी, उत्तनजवळच्या चौक गावाला, ह्या दिवसांना आगोट म्हणतात. पाऊस लागायच्या आधीचे शेवटचे आठवडे. होड्या वर ओढायच्या, जाळी धुऊन गुंडाळून माळ्यावर टाकायची, आणि दर्या बंद होण्याआधी घरात सगळं भरून ठेवायचं. सुके बोंबील, जवळा, खारे बांगडे, मसाला, कांदे, मीठ, जळण. ही जी भरणी, तिलाही आगोटच म्हणतात. सासरी गेलेल्या लेकींना आगोट पाठवायची हा आमच्या आईचा नेम. तिच्या मते दिवाळी चुकली तर चालेल, पण लेकीच्या घरी आगोट नाही पोचली तर आईने तोंड दाखवू नये.

लहान असताना मला मासळी वाळवायच्या खळ्यावर कावळे हाकायला बसवायचे. बांबूंवर बोंबील लटकलेले असायचे, रांगाच्या रांगा, आणि खाली सारवलेल्या जमिनीवर जवळा पसरलेला, गुलाबी. दुपारी तो तापून कुरकुरीत व्हायचा आणि पायाखाली आला तर पापडासारखा वाजायचा. आई डोक्यावर फडका घेऊन तो हातांनी उलटसुलट करायची. समोर दर्या तळपत असायचा, पलीकडे वसईचा किनारा धुरकट दिसायचा. त्या सगळ्याला वास होता हे मला ठाऊकच नव्हतं. आम्ही त्याला वास म्हणत नसू. हवा म्हणत असू. हा वास आहे आणि त्याची लाज वाटायला हवी, हे मला लग्न झाल्यावर कळलं.

सुहासचं घर मूळ गिरगावातलं. चाळीतली खोली विकून हे लोक भाईंदरला आले, तेव्हा नवघरात शेतं होती म्हणे. घरात दोघेच भाऊ. मोठे माझे दीर, ज्यांना मीसुद्धा दादाच म्हणते. त्यांनी घरांच्या अंतर्गत सजावटीचा धंदा काढला, तो चालला, आणि ते मीरा रोडला उंच इमारतीत राहायला गेले. सुहास नोकरीत राहिला आणि नवघरात राहिला. त्यात काही वाईट नाही. वाईट हे, की सुहास जन्मभर दादांचं वापरलेलं वापरत आला. दादांचे शर्ट, दादांची कंपासपेटी, दादांची पुस्तकं, ज्यांत उत्तरं आधीच लिहिलेली असायची. दादांची सायकल, जिची चेन सारखी पडायची. लग्नानंतर दादांचा फ्रिज आला. दादांचा सोफा आला, तो दारातून आत जाईना म्हणून पाय कापून घेतला. व्यायामाची सायकल आली, तिच्यावर मी टॉवेल वाळत घालते. नवं घेतलं की जुनं सुहासला, हा त्या घरातला रिवाज. सासूबाई होत्या तोवर त्या ह्याला भावाभावांचं प्रेम म्हणायच्या.

आणि मग एके दिवशी ही गाडी आली. दादांनी पूर्ण विजेवर चालणारी नवी घेतली होती. आम्ही गाडी मागितली नव्हती, आम्हाला नको होती, ठेवायला जागासुद्धा नव्हती. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. दादांनी बोनेटवर लाल रिबीन बांधून आणली, सगळ्या सोसायटीसमोर सुहासच्या हातात किल्ली ठेवली आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. सुहासच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पेढे वाटले. शेजारच्या पटेलभाभी म्हणाल्या, "किस्मतवाली हो." धर्माची गाय अन् दात का गं नाय, असं कोणी विचारायचं नसतं, म्हणून मीही विचारलं नाही.

दात नव्हतेच. नवघरच्या गल्लीत शिरली की ती खाली घासायची. प्रत्येक गतिरोधकावर पोटाखालून असा करकर आवाज यायचा की माझे दात शिवशिवायचे. रस्ता कायम खोदलेला, कधी पाइपसाठी, कधी केबलसाठी, आणि ही बया इंच इंच सरकणार. शिवाय तिला आवाज नाही. बॅटरीवर असली की ती चालू आहे की बंद, हे मुळी कळतच नाही. भाजीवाल्या गाड्यांच्या मधून आम्ही मागे येऊन उभे राहायचो आणि पुढच्या माणसाला पत्ताच नाही. हॉर्न मारला की तो असा दचकायचा, आणि मग जी काही शिवी द्यायचा ती आम्ही सहा स्पीकर लावलेल्या त्या थंडगार गाडीत बसून नीट ऐकायचो.

दरवाजे तर काय विचारू नका. ते आपटायचे नाहीत, नुसते टेकवायचे, मग ते स्वतःहून आत ओढून घेतात. एकदा माझा पदर ओढून घेतला. गाडीला काहीतरी झालं होतं, दार उघडेना, आणि मी भर बाजारात दाराला बांधलेल्या शेळीसारखी उभी. पावसाळ्यात उंदरांनी इंजिनात घर केलं. आत कुरतडलेल्या वायरींचे तुकडे, सोसायटीच्या कचऱ्यातला कापूस, आणि एक मेलेलं पिल्लू. ते काढताना सुहासने हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली होती. मी वरून गॅलरीतून बघत होते. त्या दिवशी मी जेवले नाही.

काशिमिऱ्याला रांगेने गॅरेजं आहेत. एकानेही हिला हात लावला नाही. बोनेट उघडायचे, आतल्या त्या जाडजूड नारिंगी वायरी बघायचे आणि बंद करायचे. "साहब, ये हायब्रिड है, इसमें करंट है." एक जण तर दोन पावलं मागे सरकला. मग लांबच्या सर्व्हिस सेंटरला न्यायची. तिथे काचेचा हॉल, कॉफीचं यंत्र, आणि इस्त्रीचे कपडे घातलेली मंडळी. ते आमच्या गाडीकडे असं बघायचे, जसं एखाद्या थाटाच्या लग्नात बिनआमंत्रणाच्या नातेवाइकाकडे बघतात. अमुक भाग बाहेरून मागवावा लागेल म्हणायचे. बाहेरून म्हणजे देशाबाहेरून. तो आठवड्यांनी यायचा आणि तोवर दुसरं काहीतरी बिघडलेलं असायचं. सुहासची प्रत्येक रजा त्या काचेच्या हॉलमध्ये गेली. महाबळेश्वरला जायचं आम्ही लग्नापासून ठरवतोय, ते अजून ठरलेलंच आहे.

पण मला खरी किळस ह्याची नव्हती. यंत्र आहे, बिघडणारच. किळस होती ती दादांच्या फोनची. गाडी दिली आणि तिच्याबरोबर सुहासलाही आपल्या पदरी ठेवून घेतलं. विमानतळावर सोड. डॉक्टरकडे ने. वहिनींना भिशीला सोड, मग घ्यायला ये. स्वतःची नवी गाडी असताना हे का, तर म्हणे तुझी गाडी आरामशीर आहे रे. आणि बसायचे कुठे, तर मागे. पाय लांब करून. पुढे सुहास एकटा. लाल दिव्याला शेजारच्या गाडीतले लोक बघायचे तेव्हा त्यांना एक शेठ आणि त्याचा ड्रायव्हर दिसत असणार. मी एकदा सुहासला हे बोलले तर तो म्हणाला, अगं भाऊ आहे तो. भाऊ आहे म्हणूनच तर म्हणते, असं मी म्हटलं आणि तांदूळ निवडायला लागले.

सुहास हुशार आहे, कष्टाळू आहे, ऑफिसात साहेबाशी वाद घालतो, पाण्याच्या टँकरवाल्याशी भांडतो. पण फोनवर दादांचं नाव आलं की त्याचा चेहरा शाळकरी होतो. "हो दादा." पुढचं वाक्य ऐकायच्या आधीच हा होकार तयार असतो. वीस-बावीस वर्षं मी हे "हो दादा" ऐकत आले आहे, जेवताना, आजारपणात, आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला. मला दागिने नकोत, महाबळेश्वर नको. ह्या माणसाच्या तोंडून दादांना एकदा, फक्त एकदा, नाही म्हटलेलं मला ऐकायचं होतं. ह्याला कोणी हट्ट म्हणेल. म्हणू दे. रोज शेजारी जेवायला बसणारा माणूस आपल्या डोळ्यांदेखत लहान होताना बघणं काय असतं, हे ज्याचं त्याला कळतं.

गाडी आल्यानंतरच्या पहिल्याच आगोटीला तो वास लागला. त्या मेमध्ये आम्ही चौकला गेलो. भाईंदर पश्चिमेतून मुर्धा, राई, मोर्वा, मग मिठागरं, मग डोंगरी, मग उत्तन. दरवर्षी मी बसने जायचे आणि येताना पोती रिक्षात घालून आणायचे, मांडीवर, पायाखाली, जमेल तशी. ह्या वेळी सुहास म्हणाला, गाडी आहे ना, आरामात आणू. आईने सुकटीचं, म्हणजे वाळवलेल्या जवळ्याचं, पोतं, बोंबलाची पोती, खाऱ्या बांगड्याचा डबा सगळं दारात काढून ठेवलं होतं. डिकी उघडली तर ती केवढीशी. मागची सगळी जागा त्या बॅटरीनेच खाल्लेली. मग पोती मागच्या सीटवर आली. सीटचं चामडं खराब व्हायला नको म्हणून आईने घरातून जाड गोधडी आणली आणि आम्ही तिघांनी मिळून ती सीटवर अशी नीट दाबून, कोपऱ्यात खोचून पसरली, की कुठे फट म्हणून राहिली नाही. त्यावर सुकटीचं पोतं अगदी कडेला, दारापाशी लावलं. बाळाला झोपवावं तशा काळजीने.

त्या कडेला, सीटच्या बाजूला, एक जाळी होती. आम्हाला वाटलं, शोभेची असेल, नाहीतर स्पीकर. ती बॅटरीच्या नाकपुडीसारखी होती, तिच्यातून आतला पंखा थंड हवा ओढून बॅटरी गार ठेवतो. आम्ही तिच्यावर गोधडी कोंबली आणि पुढ्यात सुकटीचं पोतं ठेवलं. मिठागरांपाशी येईपर्यंत समोर कसले कसले दिवे लागले, मागून पंखा घोंघावायला लागला आणि गाडी रडतखडत चालू लागली. सुहासने थांबून गोधडी ओढून काढली. झालं. तो पंखा इतका वेळ उपाशी होता. त्याने पोत्याच्या विणीतून जेवढी म्हणून सुकटीची पूड निघेल तेवढी आत ओढली.

सर्व्हिस सेंटरमध्ये बॅटरीचा पंखा उघडला तेव्हा तिथल्या माणसाने आम्हाला आत बोलावलं. त्याच्या तळहातावर धुळीचा एक भिजका, करडा-गुलाबी गोळा होता आणि त्यातून जवळ्याच्या बारीक बारीक मिशा बाहेर आलेल्या होत्या. "मॅडम, इसमें तो मछली है," तो म्हणाला, आणि तो हसला नाही, कारण त्यालाही मळमळत होतं. त्यांनी सफाई केली, पण आतल्या नळ्यांमध्ये जे बसलं ते बसलं. आम्ही कॉफीची पूड ठेवली, लिंबं कापून ठेवली, कापूर जाळला, कोळसा ठेवला. लिंबांना बुरशी आली. बाकी काही फरक नाही. संध्याकाळी सुहासने दादांना फोनवर सांगितलं, तर ते म्हणाले, अरे ती जाळी मोकळी ठेवायची असते, मला तर घेतानाच बजावलं होतं. मला म्हणजे त्यांना. आम्हाला सांगावं असं त्यांना वाटलं नव्हतं. रिबीन बांधायचं मात्र लक्षात होतं.

एक गोष्ट मला कधीच समजली नाही. ह्याच घरात सुकटीची चटणी बोटं चाटून खातात. वहिनी, म्हणजे दादांच्या पत्नी, एप्रिल लागला की फोन करायच्या, आमचे बोंबील वेगळे बांधायला सांग हं, काटे काढून, तुझ्या आईच्या हाताला चव आहे. आणि माझ्या आईने काटे काढून, बोटांना टोचून घेऊन, ते वेगळे बांधलेले असायचे. चव हवी, वास नको. बोंबील हवेत, बोंबील वाळवणारी बाई समोर नको. आमच्या लग्नात आई पंगतीत त्यांच्या शेजारी बसली होती, तर वहिनींनी उठून जागा बदलली होती. उकडतंय म्हणाल्या. पंखा आईच्याच डोक्यावर होता.

आई हल्ली आमच्याकडेच असते. तिच्या खळ्याची जागा गेली, बांबू गेले, हाताला जोर राहिला नाही. आता सकाळी ती आमच्या गॅलरीत कपडे वाळवायच्या दोरीखाली पाटावर बसते आणि वर ढग बघते. कालच म्हणाली, वारा फिरला, आता आगोट सरली. खाली गाडी तापत होती. आईला गाडीचा वास अजिबात सहन होत नाही, हे तुम्हाला विचित्र वाटेल. ती म्हणते, ह्यो मासलीचा वास न्हाय. मासली अशी न्हाय वास मारत. आणि ते खरं आहे. खळ्यावरच्या जवळ्याला ऊन असतं, खारा वारा असतो. गाडीत तो बंद काचांमागे, दमट चामड्याखाली, वर्षानुवर्षं कोंडलेला आहे. चांगली गोष्ट चुकीच्या जागी कोंडली की तिचीच घाण होते. मी ह्यावर पुष्कळ विचार केला आहे, कारण ज्या दिवशी आई आमच्याकडे राहायला आली, त्याच दिवशी ते घडलं.

तीही आगोटच. खळ्यावरचा शेवटचा माल आवरून आई कायमची आमच्याकडे यायला निघाली होती. सकाळी ती रिकाम्या बांबूंना हात लावून आली, शेजारणींना भेटून आली, आणि मग एकदम म्हणाली, चला. डिकीत तिची छोटी ट्रंक आणि चार भांडी, कशीबशी कोंबलेली. मागच्या सीटवर एका बाजूला ती, मधोमध तिची शेवटची आगोट, दोन पोती. जाळी आम्ही मोकळी ठेवली होती, एवढं शिकलो होतो. मी पुढे. दुपार कलत होती. चौक सोडून चढ चढलो आणि सुहासचा फोन वाजला.

दादा आणि वहिनी उत्तनच्या टेकडीवर एका हॉटेलात कोणाच्या तरी समारंभाला आले होते. त्यांची नवी विजेची गाडी चार्ज संपून पडली होती आणि हॉटेलातलं चार्जिंगचं यंत्र बंद होतं. आम्ही चौकला आहोत हे त्यांना माहीत होतं. "हो दादा," सुहास म्हणाला. हॉटेल वाटेवरच होतं, त्यामुळे मी गप्प बसले.

फाटकाबाहेर दोघं उभे होते. दादा सवयीने मागच्या दाराशी आले, दार उघडलं, आत आईला बघितलं, पोती बघितली आणि नाकावर हात धरला. काय हे, अख्खा कोळीवाडा भरलात की गाडीत, म्हणाले. हसत. वहिनींनी ओढणी तोंडावर घेतली. आईने पदर सावरला आणि दादांना हात जोडले. दादांनी सगळ्या गाडीकडे एक नजर टाकली, मोजमाप केल्यासारखी, आणि मग सुहासकडे वळून म्हणाले, "असं कर, मावशींना आणि ह्या सामानाला एक रिक्षा बघून दे. त्यांना सवय आहे."

"हो दादा," सुहास म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. खरं सांगते, त्या क्षणी मला त्या माणसाची जेवढी शिसारी आली तेवढी त्या मेलेल्या उंदराची आली नव्हती. माझी आई तिचं घर सोडून निघाली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात आईच खाली उतरायला लागली. एक पाय खाली, हात दाराला, गुडघा धरलेला.

"ऱ्हाऊ दे, बाय," ती मला म्हणाली. "मी जातंय रिक्षानं. मना सवय हाय."

सुहास रस्त्यावर रिक्षा शोधायला गेला. आई तिची पिशवी छातीशी धरून उन्हात उभी राहिली. दादा आत बसण्याआधी सीट झाडत होते, तळहाताने, फट फट. आणि वहिनी आईच्या जवळ येऊन, ओढणीआडून, अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "मावशी, आमचे बोंबील वेगळे बांधलेत ना?"

आईने पिशवीत हात घातला. हाय ना, म्हणाली, काटे काढून ठेवलंय. वर्तमानपत्रात गुंडाळलेला पुडा तिने काढला आणि दोन्ही हातांनी वहिनींच्या पुढे धरला. तेव्हा तिच्या मागेच रिक्षा येऊन थांबली होती आणि सुहास तिच्यातून उतरत होता. त्याने ते ऐकलं. त्याने तो पुढे केलेला पुडाही बघितला.

त्याने रिक्षावाल्याला थांबायला सांगितलं. आईजवळ आला, तिच्या हातातला पुडा घेतला, तिच्याच पिशवीत परत ठेवला. तिचा दंड धरून तिला गाडीपाशी नेलं. दादा एव्हाना आत बसायला वाकले होते, ते मागे सरले. सुहासने आईला तिच्या जागेवर बसवलं, तिची साडी आत घेतली, दार टेकवलं. मग वळून म्हणाला, "दादा, रिक्षा तुमच्यासाठी आहे."

दादांना आधी कळलंच नाही. ते म्हणाले, अरे नाही, आम्ही गाडीतून येतोय. सुहास म्हणाला, गाडीत जागा नाही. त्याचा आवाज चढलेला नव्हता. उलट इतका बारीक झाला होता की वहिनींनी काय म्हणाला म्हणून दादांना विचारलं. दादा माझ्याकडे बघायला लागले, जसं काही हे मीच घडवून आणलं. मी त्यांच्या नजरेला नजर दिली आणि पुढच्या सीटवर बसून पट्टा लावला.

गाडी नेहमीसारखी बिनआवाजाची निघाली. आरशात दोघं उभे दिसत होते, दादा कमरेवर हात ठेवून, वहिनी रिक्षाला टेकून, आणि रिक्षावाला मीटरकडे बोट दाखवत. मला वाटलं होतं, असं झालं तर मी आनंदाने नाचेन. तसं काही झालं नाही. वास होताच. आई मागे हळू आवाजात म्हणत होती, कशाला रे पोरा, कशाला. सुहास रस्त्याकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

डोंगरी गेलं आणि फोन वाजला. ह्या गाडीत फोन सगळ्या स्पीकरांतून वाजतो आणि समोरच्या पडद्यावर नाव येतं. दादा. वाजून बंद झाला. मिठागरांपाशी पुन्हा वाजला. मोर्वा मागे पडलं, राईला रस्ता रुंद होतो, तिथे गाड्या वळवून घेतात. सुहासने वेग कमी केला. फोन तिसऱ्यांदा वाजायला लागला. मी डोळे मिटून घेतले, कारण मला तो वळताना बघायचा नव्हता.

त्याने बटण दाबलं. पलीकडून दादांचा आवाज गाडीभर पसरला, वाक्य अर्धवटच, तुला काही लाज, मोठ्या भावाला असं रस्त्यात. सुहासने ते संपू दिलं. मग विचारलं, "दादा, रिक्षात बसलात का दोघं?"

पलीकडे नुसता रिक्षाचा खडखडाट ऐकू आला.

"बरं. सावकाश या," तो म्हणाला आणि फोन बंद केला.

त्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"चिडलाय गं," तो म्हणाला.

"चिडू दे," मी म्हटलं.

राईच्या त्या रुंद जागेपाशी त्याने एकदा आरशात मागे बघितलं. पण गाडी त्याने वळवली नाही.